सराफा आणि भस्म आरती एका रात्रीत बसवू नका

प्रश्न : आम्ही दोघं ठाण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो. या वेळी २६ जानेवारी सोमवारी येतोय, म्हणून शनिवार-रविवार जोडून इंदूर आणि उज्जैन करायचं ठरवलंय. नवऱ्याला इंदूरचं खाणं खायचंय, त्यातही रात्रीच्या सराफा बाजारातलं. मला महाकालची भस्म आरती, वेधशाळा आणि होळकरांचे वाडे नीट बघायचेत. बेत असा आहे : शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, शनिवारी इंदूरला उतरून दिवसभर आराम, रात्री सराफा, तिथूनच टॅक्सीने उज्जैन गाठून भस्म आरती. रविवारी उज्जैन बघायचं, सोमवारी इंदूरला परत येऊन राजवाडा आणि लालबाग, आणि संध्याकाळची गाडी. मागच्या एका सहलीत ह्यांचं पोट बिघडलं आणि अर्धी सुट्टी खोलीतच गेली, त्याची धास्ती आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. हा बेत जमेल का? कुठे राहावं, काय आणि किती खावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गावं अगदी बरोबर निवडली आहेत, क्रम मात्र उलटा करा. आधी उज्जैन, मग इंदूर. एवढ्या एका बदलाने तुमच्या बेतातल्या तीन अडचणी सुटतात.

पहिली अडचण रात्रीची. इंदूरचा सराफा रात्री नऊनंतर रंगतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू असतो. महाकालची भस्म आरती पहाटे चारला सुरू होते, पण नोंदणी असलेल्यांनाही त्याआधी दोन-अडीच तास रांगेत उभं राहावं लागतं. दोन्ही गावांत अंतर साधारण ५५ किलोमीटर, रस्ता चांगला, टॅक्सीला सव्वा ते दीड तास. त्यामुळे कागदावर हे जमतं आणि बरेच लोक तसंच करतात. पण पोटात तळलेलं, दही आणि रबडी, डोळ्यांवर झोप, आणि जानेवारीच्या थंडीत फरशीवर मांडी घालून दोन-तीन तास बसणं. एकदा मंडपात बसल्यावर मधूनच उठून बाहेर जाणं फार अवघड असतं. ज्यांचं पोट आधीच नाजूक आहे त्यांनी हे करूच नये. आणि ज्या आरतीसाठी तुम्ही एवढ्या लांब जाताय, ती पेंगत बघण्यात काय अर्थ?

दुसरी अडचण सोमवारची. राजवाडा आणि लालबाग या राज्य पुरातत्त्व खात्याच्या वास्तू सोमवारी बंद असतात. तीन दिवसांची सुट्टी बहुतेक वेळा सोमवारामुळेच होते, त्यामुळे शेवटच्या दिवशी वाडे ठेवणारे लोक बंद दाराशी फोटो काढून परततात. तुमच्या सोमवारी तर राष्ट्रीय सुट्टीही आहे. हे दोन्ही वाडे रविवारीच बघायला हवेत.

तिसरी अडचण प्रवासाची. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस रतलाम, नागदा करत आधी उज्जैनला येते आणि मग देवासमार्गे इंदूरला जाते. म्हणजे इंदूरला उतरून पुन्हा उज्जैनला येणं म्हणजे गाडीने ओलांडलेल्या गावाला मागे फिरणं. उज्जैनलाच उतरा आणि परतीची गाडी इंदूरहून धरा. ठाण्याहून मुंबई सेंट्रलपर्यंत जायचीही गरज नाही, बोरिवलीला बसता येतं.

तिकिटांचं आधी उरका. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला खुलं होतं. जाण्याची तारीख आणि परतीची तारीख वेगवेगळ्या दिवशी खुल्या होतात, तेव्हा दोन्ही सकाळी गजर लावून बसा. जोडसुट्टीत परतीची तिकिटं लवकर संपतात, आणि 'जाण्याचं मिळालंय, परतीचं बघू' म्हणणाऱ्यांना शेवटी रात्रभर बसने यावं लागतं.

त्याच सुमाराला भस्म आरतीची नोंदणीही बघा, आणि ती मंदिर समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरच. दोघांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच भरा, कारण प्रवेशद्वाराशी मूळ ओळखपत्र पडताळतात. पैसे घेऊन 'नक्की करून देतो' म्हणणारे हॉटेलच्या आसपास आणि फोनवर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, दुसऱ्याच्या नावाचं तिकीट दाराशी चालत नाही. तारीख रविवार पहाटेची टाका. फॉर्म भरताना शनिवार-रविवारचा घोळ फार जणांचा होतो : शनिवारी रात्री झोपून उठल्यावर जी पहाट येते, ती तारीख रविवारची असते. तिकिटाची छापील प्रत काढून ठेवा, कारण मोबाइल आत नेता येत नाही आणि तिकीट मोबाइलमध्येच असेल तर रांगेत धावपळ होते.

आता राहण्याचं. उज्जैनला मंदिरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवरच खोली घ्या, थोडी साधी असली तरी चालेल. गर्दीच्या दिवशी मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद करतात आणि पहाटे एकला रिक्षा शोधणं हा नको तो ताप होतो. खोली घेण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा : खोली सोडायची वेळ दुपारी बाराची आहे की चोवीस तासांची? उज्जैनमध्ये बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो. तुम्ही शनिवारी सकाळी आठला खोलीत शिरलात तर रविवारी आठला सोडावी लागेल आणि आरतीनंतरची झोप बुडेल. ती झोप या अख्ख्या बेताचा कणा आहे. अशा ठिकाणी अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त देऊन दुपारी बारापर्यंतची मुदत आधीच ठरवून घ्या. इंदूरला स्टेशन आणि सरवटे बस स्थानकाच्या आसपास राहा. तिथून राजवाडा आणि सराफा एका बाजूला, छप्पन दुकान ही खाण्याची गल्ली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही रिक्षाने जवळ. परतीच्या दिवशी सामान हॉटेलात ठेवून फिरताही येतं.

शनिवारी उज्जैनला उतरलात की आंघोळ, पोहे, चहा, आणि साडेदहाच्या सुमारास वेधशाळा. ती भर उन्हातच बघायची जागा आहे, ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी तिथे नुसत्या भिंती दिसतात. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात पाच गावांत वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही एक. सम्राट यंत्र म्हणजे मोठं सूर्यघड्याळ. त्याच्या कमानीवर सावली कुठे पडली आहे ते वाचून वेळ काढा आणि घड्याळाशी ताडून पाहा. यंत्राची वेळ मागे दिसेल, ते यंत्र बिघडलेलं नाही. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावरची वेळ दाखवतात आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास आहे. पावणेसात अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण २७ मिनिटं. शिवाय सूर्याची स्वतःची चाल वर्षभर सारखी नसते, जानेवारीच्या शेवटी त्यापायी आणखी बारा-तेरा मिनिटं मागे पडतात. म्हणजे घड्याळात अकरा वाजले असतील तेव्हा सावली दहा-वीसच्या आसपास असेल. हा हिशेब डोक्यात ठेवून गेलात तर तासभर कसा गेला कळणार नाही. शंकू यंत्र, नाडीवलय आणि दिगंश यंत्रही घाई न करता बघा. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरून धरत आणि कर्कवृत्तही इथून जवळूनच जातं, त्यामुळे ही जागा इथे असण्याला कारण आहे.

तिथून गावात या आणि बाजारातलं गोपाळ मंदिर पाहा. ते बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलं. उज्जैनभर आपल्या माणसांच्या खुणा आहेत. महाकालाचं आजचं मंदिरही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभं केलं. मराठी माणसाने हे माहीत असून बघावं.

साडेबारा-एकला जेवायला दाल-बाफला. हे जेवण दौऱ्यात एकदाच घ्यायचं आणि याच दुपारी घ्यायचं. बाफला म्हणजे राजस्थानी बाटी नव्हे. जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ आणि तुपाचं मोहन घालून घट्ट मळतात, गोळे हळदीच्या उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत उकडतात, निथळवून मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, आणि तडकले की तुपात बुडवतात. आधी उकडल्यामुळे आतून मऊ राहतात आणि तूप बाटीपेक्षा जास्त पितात. म्हणून माणशी दोन पुरे. वाढपी तिसरा आग्रहाने टाकेल आणि वर चुरम्याचा लाडू असेलच. 'बाफला कोरडा द्या, तूप वेगळं द्या' असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. डाळ भरपूर घ्या, लसणाची चटणी तुमच्या यजमानांनी बेताने. त्यावर पाणी थोडं थोडं प्या, एकदम नको, नाहीतर पोट फुगतं. हे पचायला पाच-सहा तास जातात, तेव्हा जेवून खोलीवर जा आणि दोन तास झोपा. ही झोप चैन नाही, रात्री ती उपयोगी पडणार आहे.

साडेचारला उठून चहा घ्या आणि हरसिद्धी मंदिरात जा. आवारात दोन उंच दीपमाळा आहेत, घडण थेट आपल्याकडच्या देवळांतल्यासारखी. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर त्या पेटवतात. माणसं दीपमाळेवर चढून एकेक दिवा लावतात ते बघण्यासारखं असतं, तेव्हा उजेड असतानाच जागा धरा. तिथून रामघाट पायी जवळ आहे, क्षिप्रा नदीची आरती बघा. परतताना महाकाल लोक. हा परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला, लांबी नऊशे मीटरहून जास्त, १०८ खांब आणि शिवकथांची शिल्पं. तो दिवे लागल्यावरच पाहावा. पूर्ण चालत बसू नका, पाऊण तास पुरे. कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात म्हणून सगळ्यांना कुतूहल असतं, पण ते गावाबाहेर आहे आणि जोडसुट्टीत रांग फार लांबते. तुमच्या बेतात आम्ही ते बसवणार नाही.

रात्री खिचडी किंवा डाळ-भात, तोही अर्ध्या पोटी, आठच्या आत. मंदिराच्या वाटेवर भांगेची ठंडाई विकणारं दुकान लागेल. ठंडाई प्यायचीच असेल तर साधी मागा, आणि साधी दिली आहे याची खात्री करून मगच प्या. भांगेचा अंमल तास-दीड तासाने चढतो. तोवर काहीच होत नाही असं वाटून माणसं दुसरा पेला घेतात आणि मग आरती तर हुकतेच, दुसऱ्या दिवसाचाही भरवसा राहत नाही.

नऊला झोपा, एकला उठा. आंघोळ करून दीडपर्यंत रांगेत उभं राहायचं. तिकिटावर कोणतं प्रवेशद्वार आणि कोणती वेळ दिली आहे ते आदल्या संध्याकाळी पाहून ठेवा आणि त्या दारापर्यंत एकदा चालून या, अंधारात शोधायला नको. कपडे लोकरी आणि सैल, मांडी घालता येतील असे. चपला खोलीवरून निघताना सगळ्यांत जुन्या घाला. पिशवी, मोबाइल, चामड्याचा पट्टा, काही नको. ओळखपत्र, छापील तिकीट आणि थोडे पैसे खिशात. पाणी दोन घोट, चहा नको, आणि रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या.

आत गर्भगृहात सामान्य भाविकांना सोडत नाहीत. नंदी मंडप, गणेश मंडप आणि कार्तिकेय मंडप अशा पायऱ्यापायऱ्यांच्या बैठका आहेत, मागच्यांसाठी पडदे लावलेले असतात. आधी जलाभिषेक, मग पंचामृत, मग शृंगार, आणि मग महानिर्वाणी आखाड्याचे महंत भस्म चढवतात. त्या काही मिनिटांत स्त्रियांना पदर किंवा ओढणी डोक्यावरून पुढे घ्यायला सांगतात, तेव्हा ओढणी बरोबर असू द्या. नंतर दिव्यांची आरती. पुढची जागा मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर हिरमुसू नका, मागून घंटा आणि डमरूंचा नाद जास्त भरून येतो आणि पाठीला खांबही मिळतो.

नोंदणी मिळालीच नाही तर? चालत्या रांगेतून भस्म आरतीचं दर्शन देण्याची सोय मंदिरात असते, त्याची चौकशी शनिवारी दुपारीच मंदिराच्या चौकशी खिडकीवर करा. त्यात बसायला मिळत नाही, पुढे सरकत राहावं लागतं, पण आरती चालू असताना देव दिसतो. तेही न जमल्यास पहाटेच्या साध्या दर्शनाच्या रांगेला लागा, दुपारपेक्षा ती लवकर सरकते.

सहाला आरती आटोपते. बाहेर आल्यावर भूक खवळलेली असते आणि समोर गरम कचोऱ्या तळत असतात. इथे थांबा. रात्रभर रिकामं असलेलं पोट आणि तिखट कचोरी, हे पोट बिघडण्याचं खात्रीचं कारण आहे. गरम दूध किंवा चहाबरोबर दोन बिस्किटं, आणि सरळ अंथरुणात. साडेदहाला उठून आवरा, अकरा-साडेअकराला टॅक्सीने इंदूर. बसेसही सतत असतात, पण रविवारी सामानासह उभं राहायला लागू शकतं.

इंदूरला सामान टाकून थोडा डाळ-भात आणि ताक, मग लालबाग. खान नदीकाठचा हा होळकरांचा महाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू होऊन विसाव्यात पुरा झाला. लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर आहे. खाण्यावर प्रेम करणाऱ्या तुमच्या यजमानांना एक गोष्ट आवडेल : महालाचा भटारखाना नदीच्या पलीकडच्या काठावर होता आणि ताटं भुयारी वाटेने महालात येत. दुरुस्तीची कामं चालू असली तर काही दालनं बंद मिळतात, म्हणून दीड तास धरा. साडेतीनपर्यंत राजवाड्यावर या, पाचला बंद होतो. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये काम सुरू केलं, पुढे तो अनेकदा जळला, १९८४ च्या आगीत मागचा भाग गेला आणि नंतर पुन्हा बांधला. समोरच्या चौकात उभं राहून दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बघा, मग आत जा. पाच मिनिटांवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, होळकरांच्या समाधीवास्तू. त्या सोमवारी सकाळीही बघता येतील.

साडेपाच ते नऊ खोलीवर. काहीही खाऊ नका. सराफ्याला जाण्याआधी 'जरा काहीतरी' खाणं हीच सगळ्यांत मोठी चूक असते.

सराफा ही दिवसा सोन्याचांदीची पेठ. दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोर खाण्याच्या गाड्या लागतात. साडेनऊला पोहोचा, रविवारी दहानंतर गल्लीत मुंगीच्या पावलांनी चालावं लागतं. पहिली वीस मिनिटं काहीही विकत न घेता गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरा. कुठे कढई ताजी पेटली आहे, कुठे तेल काळं पडलं आहे, कुठे माल आधी तळून ठेवला आहे, ते बघा. जिथे तुमच्यासमोर कढईत पडतं तिथेच खायचं. तेलातून धूर येत असेल किंवा कडेला फेस धरला असेल तर नाव कितीही मोठं असो, पुढे चला.

हिशेब सोपा ठेवा : दोघांत एक प्लेट, पाच तिखट पदार्थ, दोन गोड, आणि दर दोन पदार्थांनंतर पंधरा मिनिटं चालणं. त्यापुढे जीभ काही ओळखत नाही, नुसतं पोट भरतं.

सुरुवात गराडूने करा, कारण तुम्ही बरोबर हंगामात जाताय. गराडू हा कंद फक्त थंडीत मिळतो. तुकडे एकदा तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तळतात, मग लिंबू आणि जीरावन. बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ असायला हवा. आत पांढरा आणि कडक लागला तर परत तळून मागा, कच्चा राहिलेला गराडू घशाला खाजतो. कंदातल्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांमुळे तसं होतं, अळूचं असतं तेच कारण. जीरावन म्हणजे धणे, जिरं, बडीशेप, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ वगैरेंचा मसाला. इंदूरमध्ये तो सगळ्यावर पडतो. आमचूर आणि काळ्या मिठामुळे पित्त असणाऱ्यांना रात्री जळजळतं, तेव्हा यजमानांच्या प्लेटवर 'जीरावन कम' असं प्रत्येक ठिकाणी सांगा.

मग भुट्टे का कीस. कोवळ्या मक्याचा कीस तुपात परतून दुधात शिजवतात, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. खरा हंगाम पावसाळ्याचा आहे. जानेवारीत मिळतो, पण दाणा जून असतो आणि कीस कोरडा होतो. आधी गाडीवरचा कीस बघा. ओलसर, चमच्यावरून घसरणारा असेल तर घ्या, गोळा झाला असेल तर सोडा. साबुदाण्याची खिचडीही खा, आपल्या खिचडीशी तुलना न करता. इथे साबुदाणा वाफेवर मोकळा करतात, तेल जवळजवळ नसतं, आणि वरून फराळी चिवडा, लिंबू, मसाला कालवून देतात. सगळ्या सराफ्यात पोटाला हलका पदार्थ हाच.

जोशींचा दहीवडा म्हणजे अर्धा खेळ आहे. प्लेट हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले क्रमाने सोडतात. गर्दी असते, पण वडा मऊ आणि दही गोड, तिखटानंतर बरं वाटतं. पाणीपुरी मात्र आम्ही तुमच्या यजमानांना या वेळी नको म्हणू. तळणाचे पदार्थ कढईतून थेट येतात, पुरीतलं पाणी मात्र न उकळलेलं आणि बर्फ घातलेलं असतं.

गोडात मावाबाटी किंवा मालपुवा-रबडी यांतलं एक, आणि शेवटी जलेबा, म्हणजे भली मोठी जिलेबी. एक जलेबा पाव किलोच्या वर भरतो. दोघांत एकसुद्धा संपत नाही, म्हणून अर्धा मिळतो का विचारा. सुरुवातीलाच तो घेऊन बसलात तर रात्र तिथेच संपली. शिकंजी मागाल तर लिंबाचं सरबत येणार नाही, घट्ट आटवलेल्या दुधाचं, केशर-सुकामेव्याचं गार पेय येईल. ते पिणं नाही, जेवणच आहे. तळणावर लगेच घेऊ नका, दुसऱ्या दिवशी छप्पन दुकानला दुपारी प्या. पाण्याची बाटली स्वतःची ठेवा, सुटे पैसे ठेवा, कारण गर्दीत मोबाइलला रेंज नसली की पैसे अडकतात. कचऱ्याच्या ओल्या-सुक्या टोपल्या वेगळ्या असतात. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलंय आणि तिथले लोक त्याबद्दल हळवे आहेत, द्रोण खाली टाकलात तर शेजारचा गिऱ्हाईकच टोकेल. साडेअकराला परता. त्या वेळी तापमान दहा अंशांच्या आसपास असू शकतं, कानटोपी न्या.

सोमवारी सकाळी आठच्या आत पोहे-जिलेबी. इंदुरी पोह्यांना फोडणीत कांदा परतलेला नसतो. पोहे भिजवून, हळद-बडीशेप-साखर लावून, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात. वर शेव, कच्चा कांदा, जीरावन, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे. म्हणून ते मऊ, ओलसर आणि गोडसर लागतात. दहानंतर सतत वाफ खाऊन पोहे गच्च होतात, उशिरा उठणाऱ्यांना आवडत नाहीत ते त्यामुळे. उसळ-पोहे तिखट असतात, ते तुम्ही घ्या, यजमानांना साधे. साखर जरा कमी वाटली तर एक जिलेबी मोडून बरोबर खा, तिथे तसंच खातात.

दहाला काचमंदिर. सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे जैन मंदिर भिंती, खांब, छत आणि जमीन सगळीकडून काचेचं आहे. आत फोटो काढू देत नाहीत. छत्र्या राहिल्या असतील तर तिथून पायी जा. बारानंतर छप्पन दुकान. रस्त्यावर वाहनं नाहीत, बसायला जागा आहे, त्यामुळे रात्रीच्या धक्काबुक्कीनंतर निवांत वाटतं. इथे खोपरा पॅटिस खा : बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं गोड-तिखट सारण भरून तळतात. दोघांत दोनच घ्या, गरम असतानाच, गार झालं की खोबरं तेल सोडतं. जॉनी हॉट डॉगचं नाव ऐकलं असेल, तो तव्यावर भाजलेला साधा पाव आणि आतलं सारण, एक प्लेट पुरते. मग ती शिकंजी.

नेण्यासाठी शेव आणि जीरावन सीलबंद पाकिटातच घ्या. सुट्टं जीरावन गाडीतल्या दमट हवेत गोळा होतं आणि हिंगाचा वास बॅगभर पसरतो. गोड पदार्थांत माव्याचं काही नेऊ नका, रात्रभराच्या प्रवासात खात्री देता येत नाही. प्रवासात रात्रीचं जेवण दही-भात किंवा साध्या पोळ्या हॉटेलातूनच बांधून घ्या. ओआरएसची चार पाकिटं आणि यजमानांचं नेहमीचं पित्ताचं औषध शुक्रवारीच हाताच्या पिशवीत टाका, मोठ्या बॅगेत नको. पोट कुरकुरलंच तर तेव्हाच एक पाकीट लिटरभर पाण्यात कालवून थोडं थोडं प्यायला द्या. ताप आला किंवा जुलाबातून रक्त दिसलं तर मात्र घरगुती उपाय सोडून इंदूरलाच डॉक्टरांना दाखवा, मुंबईला पोहोचेपर्यंत थांबू नका.